पोथ्यांच्या छायाचित्रांतील अक्षरशुद्धि आणि आकृतिगणित

जुन्या पोथ्यांचीं व ताम्रपटांचीं छायाचित्रें घेऊन त्यांवरून पाठ लावण्याची पद्धति आतां सर्वत्र रूढ झाली आहे. जीर्ण पोथी वारंवार हाताळण्यापेक्षां हें बरें, यांत शंका नाहीं. परंतु अलीकडे संग्राहकांकडून जीं छायाचित्रें अभ्यासकांच्या हातीं येतात, त्यांपैकीं बरींच मूळ नसून यंत्रानें 'स्वच्छ' केलेलीं असतात. मोबाइलमध्यें कागदपत्रें टिपण्याची जी सोय असते ती पानाचा पिवळेपणा, डाग व सुरकुत्या काढून टाकून काळें-पांढरें चित्र हातीं देते. मात्र तें देतांना आपण काय पुसलें व काय भरलें याविषयीं ती एक अक्षरही सांगत नाहीं. अशा चित्रांत अक्षर ठसठशीत दिसतें, आणि ठसठशीत दिसतें म्हणून तें खरें मानण्याकडे मनाची ओढ होते. ज्या गणितावर ही स्वच्छता पुष्कळ अंशीं चालते त्यास आकृतिगणित म्हणतां येईल. व्याकरण शिकलेल्या माणसास तें परकें वाटण्याजोगें नाहीं, आणि तें समजल्यावांचून अशा चित्रावरून पाठ छापणें धोक्याचें आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

या शास्त्राचा जन्म ग्रंथालयांत झाला नाहीं. तो खाणींत झाला. इ. स. १९६४ मध्यें पॅरिसच्या खाणविद्यालयांतील झॉर्झ माथेराँ व त्यांचे शिष्य झाँ सेरा हे फ्रान्सच्या लोरेन प्रांतांतील लोखंडाच्या खनिजाचा विचार करीत होते. दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरला असतां खनिजाचे कण केवढे, त्यांमधील पोकळ्या किती, हें डोळ्यांच्या अंदाजावर न सोडतां मोजावें कसें, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनीं युक्ति काढली ती अशी कीं, एक लहान ठराविक आकृति घ्यावी, ती कापाच्या चित्रावर सर्व ठिकाणीं ठेवून पाहावी, आणि ती कोठें पूर्णपणें मावते व कोठें मावत नाहीं याची नोंद करावी. मिंकोव्स्की या गणितज्ञानें आकृतींची बेरीज करण्याची जी रीति पूर्वीं सांगितली होती तिचा त्यांस आधार मिळाला. पुढें फाँतेनब्लो येथें या विषयाचें स्वतंत्र केंद्र झालें. माथेराँ यांचा ग्रंथ १९७५ मध्यें व सेरा यांचा १९८२ मध्यें प्रसिद्ध झाला. खनिजाच्या कणाऐवजीं शाईचें अक्षर व पोकळीऐवजीं कागद असें मानलें म्हणजे तेंच गणित पोथीस लागू पडतें.

चित्र म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें बारीक चौकटींचा पट होय. प्रत्येक चौकटींत एक अंक असतो. शून्य म्हणजे निखळ काळें, २५५ म्हणजे निखळ पांढरें. एका इंचांत ३०० चौकटी या प्रमाणानें पान टिपलें तर एक चौकट सुमारें ०.०८५ मिलिमीटर भरते. या चौकटीस पुढें आपण चित्रबिंदु म्हणूं. जी लहान आकृति सर्वत्र ठेवून पाहावयाची, ती सोनें पारखण्याच्या दगडासारखी असल्यामुळें तिला निकषाकृति म्हणणें मला योग्य वाटतें. ती चौकोनी, वर्तुळाकार, आडवी रेघ किंवा उभी रेघ, अशी कशीही असूं शकते, आणि तिची निवड कोणी करावयाची, हा या सबंध विषयाचा गाभा आहे.

मूळ क्रिया दोनच. पहिलींत निकषाकृति शाईवर ठेवतात, आणि ती जेथें सबंध शाईंत मावते तेवढ्याच जागेचा मध्यबिंदु राखून बाकीची शाई पुसतात. यानें अक्षर चहूंकडून झिजतें. दुसरींत याच्या उलट, शाईच्या प्रत्येक बिंदूवर निकषाकृति ठेवून ती जेवढी जागा व्यापील तेवढी शाई वाढवितात. वैद्यकांतील परिचित शब्द वापरून पहिलीस अपचय व दुसरीस उपचय म्हणूं. शाईचा अपचय म्हणजे कागदाचा उपचय, हें थोडा विचार केल्यास आपोआप ध्यानांत येतें, आणि पुढें सांगावयाचा एक घोटाळा याच गोष्टींतून उद्भवतो.

या दोहोंच्या जोडण्यांतून खऱ्या उपयोगाच्या क्रिया निघतात. आधीं अपचय व मग त्याच निकषानें उपचय केला तर त्यास युरोपीय भाषांत 'उघडणें' अशा अर्थाचें नांव आहे. आपण उन्मीलन म्हणूं. क्रम उलटा केला तर निमीलन. वरवर पाहतां वाटेल कीं, झीज व वाढ सारखीच असल्यानें चित्र पूर्ववत् होईल. तसें होत नाहीं. ज्याचा लोप अर्धा झाला तें वाढीनें पुन्हां पूर्वस्थितीस येतें. ज्याचा लोप समूळ झाला तेथें वाढावयास कांहीं शिल्लकच नसतें.

उदाहरण घेऊं. बोरूनें लिहिलेल्या एका पानांत जाड रेघ एक मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे वरील प्रमाणांत सुमारें १२ चित्रबिंदु. अनुस्वाराचा ठिपका सुमारें पाऊण मिलिमीटर, म्हणजे ९ बिंदु. कागदावर पडलेले धुळीचे व बुरशीचे कण ०.३ मिलिमीटर, म्हणजे तीन-चार बिंदु. निकषाकृति ५ बिंदूंची चौकोनी घेऊन उन्मीलन केलें. अपचयांत जाड रेघ १२ वरून ८ वर येते, अनुस्वार ९ वरून ५ वर, आणि कण नाहींसे होतात. उपचयांत रेघ पुन्हां १२ व अनुस्वार पुन्हां ९ होतो, कण मात्र गेले ते गेले. पान स्वच्छ झालें. आतां कोणी निकष ५ च्या ऐवजीं ११ चा घेतला तर पान आणखी स्वच्छ दिसेल, जाड रेघा जशाच्या तशा राहतील, आणि सबंध पानांतील एकूणएक अनुस्वार गेलेले असतील. चित्र पाहणारास कांहीं खटकणारही नाहीं, कारण पुसलेल्या जागीं डाग नसतो.

हा दोष वाशीम जिल्ह्यांतील संग्रहांच्या बाबतींत किती महत्त्वाचा आहे तें कारंजा येथील जैन भांडारांवरून दिसेल. बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ यांच्या मंदिरांतील हस्तलिखितें रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीनें पंडितांच्या दृष्टीस पडलीं. त्यानंतर कारंजा येथून डॉ. प. ल. वैद्य यांनीं पुष्पदन्ताचें 'जसहरचरिउ' १९३१ मध्यें, व अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयांतील प्रा. हिरालाल जैन यांनीं 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्यें संपादून प्रसिद्ध केलें. अपभ्रंश वाङ्मयाच्या अभ्यासाचा पाया ज्या पोथ्यांवर उभारला गेला त्यांतील कांहीं आपल्या जिल्ह्यांतील आहेत, ही गोष्ट आपल्याकडील तरुणांस अजून ठाऊक नसते. असो. या अपभ्रंशांत अकारान्त नामाच्या तृतीयेचें एकवचन 'पुत्तें' असें सानुस्वार होतें आणि सप्तमींत 'पुत्ते', 'पुत्ति' अशीं रूपें येतात. ठिपका गेला कीं कर्ता अधिकरणांत जाऊन बसतो. वाक्याचा अर्थ लागत नाहीं म्हणून संपादक पाठ सुधारावयास जातो, आणि लेखकानें न केलेल्या चुकीचें खापर त्या बिचाऱ्या लेखकाच्या माथीं फुटतें. जुन्या मराठींतील तृतीयेसही हेंच लागू आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनीं अनुच्चारित अनुस्वारांस रजा दिली ती निदान विचारपूर्वक दिली (हें त्रैमासिक ती अजून मानीत नाहीं, हा भाग वेगळा). निकषाकृति विचार करीत नाहीं.

ज्या पोथींत बोरूची रेघ एका दिशेस जाड व दुसऱ्या दिशेस अगदीं बारीक असते तेथें अडचण निराळी. बारीक रेघ आणि कण यांची रुंदी सारखीच. मग एक राखून दुसरा कसा काढावा? यावर एक सुंदर उपाय आहे. अपचय करून जें थोडेंबहुत उरेल तें बीज समजावें. मग त्या बीजाचा उपचय पायरीपायरीनें करीत जावा, परंतु प्रत्येक पायरीस मूळ चित्रांतील शाईच्या बाहेर जाऊं देऊं नये. अक्षराचा जाड भाग बीजरूपानें उरलेला असतो, त्यामुळें त्यास चिकटलेली बारीक रेघ मूळ आकारांत जशीच्या तशी परत येते. सुट्या कणांस बीजच नसल्यामुळें ते परत येत नाहींत. यास पुनर्घटन म्हणतां येईल. साध्या उन्मीलनापेक्षां ही रीति पोथ्यांस पुष्कळ अधिक मानवते, आणि माझ्या मतें संग्राहकांनीं तिच्याखेरीज दुसरी सफाई करूंच नये. तथापि तिचीही मर्यादा आहे. झिजून तीन-चार बिंदूंचा उरलेला सुटा अनुस्वार, तुटलेल्या मात्रेचा शेंडा, किंवा फिक्या शाईनें ओळीवर लिहिलेली बारीक पूरक अक्षरें बीजावांचून असल्यानें जातात.

आतां निमीलनाकडे वळूं. घडीवर शाई उडाली किंवा कसरीनें अक्षराच्या रेघेंत बारीक छिद्र पाडलें, तर आधीं उपचय केल्यानें फट बुजते व मग अपचयानें बाह्य कड पूर्ववत् होते. ५ बिंदूंचा निकष घेतला तर पांचांहून अरुंद अशी रेघेंतील प्रत्येक फट भरून निघते. वाचणारास हें उन्मीलनापेक्षां निरुपद्रवी वाटतें. मला तें उलट अधिक घातक वाटतें, कारण उन्मीलन नुसतें मौन धारण करवितें, निमीलन मात्र खोटी साक्ष देतें. बाळबोध लिपींत 'भ' व 'म', तसेंच 'ध' व 'घ', यांमधील भेद बहुतांशीं शिरोरेषेंत ठेवलेल्या एका फटीवर अवलंबून असतो. आडव्या रेघेचा निकष घेऊन निमीलन केलें कीं ती फट मिटते. मग 'भार' असेल तेथें 'मार' आणि 'धन' असेल तेथें 'घन' असें ठळक, निःसंदिग्ध, सुंदर अक्षर उभें राहतें. 'ब' च्या पोटांतील तिरकी रेघ व 'व' चें पोकळ पोट यांचीही तीच गत. पोट भरलें म्हणजे दोन्हीं काळे गोळे.

वाकाटकांच्या ताम्रपटांच्या बाबतींत हें विशेष जपावें लागतें. त्यांची लिपि पेटिकाशीर्षक, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर लहानशी चौकोनी पेटी. ही पेटी कोठें नुसत्या कडांनीं कोरलेली, मधें पोकळ असते, तर कोठें सबंध खोदून काढलेली. कोरणाऱ्याच्या हाताची ती एक खूण आहे, आणि एकाच पटांत दोन हात आहेत काय, हें ठरवितांना ती उपयोगी पडूं शकते. निमीलनानें सर्व पेट्या सारख्याच भरतात व ही खूण नष्ट होते. शिवाय ताम्रपटावर शाई नसते. छायाचित्रांत जें काळें दिसतें ती कोरलेल्या खांचेंतील सावली असते, आणि प्रकाश डावीकडून टाकला कीं उजवीकडून, त्याप्रमाणें तिची रुंदी व जागा पालटते. एका बाजूच्या प्रकाशावर बेतलेला निकष दुसऱ्या बाजूच्या चित्रास लावणें म्हणजे एकाच्या अंगाचा अंगरखा दुसऱ्याच्या अंगांत घालणें होय.

डागाळलेल्या पानांसाठीं याच क्रियांतून निघालेली आणखी एक युक्ति आहे, आणि ती मला सर्वांत उपकारक वाटते. समजा, पानाचा एक कोपरा पाण्यानें करपल्यासारखा झाला असून तेथें कागदाचा अंक ११० व शाईचा ५० आहे. दुसऱ्या भागांत कागद स्वच्छ, २२५, परंतु शाई विटून १३० झालेली. आतां १२० च्या खालीं सर्व शाई व वर सर्व कागद असा एकच दंडक लावला, तर करपलेला कोपरा सबंध शाई ठरतो आणि विटलेलीं अक्षरें सबंध कागद ठरतात. येथें रेघेच्या रुंदीहून बराच मोठा निकष, समजा ३१ बिंदूंचा, घेऊन निमीलनाऐवजीं शाईचें उन्मीलन करावें. निकष मोठा असल्यानें कोणतीही रेघ त्यास सामावून घेऊं शकत नाहीं; म्हणून सर्व अक्षरें पुसून जातात व पानाची केवळ पार्श्वभूमि, तिच्या सर्व डागांसह, हातीं उरते. तींतून मूळ चित्र वजा करावें. करपलेल्या कोपऱ्यांत ११० वजा ५० म्हणजे ६०, स्वच्छ भागांत २२५ वजा १३० म्हणजे ९५, आणि जेथें अक्षर नाहीं तेथें जवळजवळ शून्य. आतां ४० चा एकच दंडक सर्व पानास चालतो. डागांत बुडालेलें अक्षर वर येतें, आणि पुसलें जातें तें केवळ डागाचें क्षेत्र.

मोडी कागदांविषयीं थोडक्यांत सांगतों. मोडींत लेखक आधीं सबंध ओळीची रेघ ओढून मग तिला अक्षरें लटकवितो. साठेक बिंदूंच्या आडव्या रेघेचा निकष घेऊन उन्मीलन केलें तर नुसती ती रेघ वेगळी निघते, आणि ती वजा करून अक्षरांचे गट सुटे पाहतां येतात. नवशिक्यास सरावाकरितां हें ठीक. जाणत्यास त्याची गरज नाहीं, आणि रेघेस चिकटलेले वेलांटीचे भाग रेघेबरोबर छाटले जातात हें त्यानें विसरूं नये.

क्रमासंबंधीं एक गोष्ट व्याकरणाच्या विद्यार्थ्यास लगेच पटेल. पाणिनीय प्रक्रियेंत कोणतें कार्य आधीं व कोणतें मागून, यावर रूप अवलंबून असतें, येथेंही तसेंच. आधीं उन्मीलन व मग निमीलन केल्यास तुटक रेघेचे सुटे तुकडे कण समजून पुसले जातात. आधीं निमीलन केल्यास तेच तुकडे जोडले जाऊन वांचतात, पण त्यांबरोबर शेजारचे डागही अक्षरास चिकटतात. मात्र एकच उन्मीलन त्याच निकषानें दुसऱ्यांदा केलें तर चित्रांत कांहींही फरक पडत नाहीं. हा गुण संपादकाच्या मोठ्या कामाचा आहे. निकषाचा आकार, माप व क्रियांचा क्रम एवढें सांगितलें, तर मूळ छायाचित्रावरून दुसरा कोणीही तंतोतंत तेंच चित्र काढूं शकतो. डोळ्यांनीं पाहून हातानें गिरविलेल्या नकलेस ही सोय नव्हती.

वर उल्लेखिलेला घोटाळा असा. ओपनसीव्ही या नांवाचें जें संगणकीय साधन सर्वांस विनामूल्य मिळतें, त्यांत प्रकाशमान भागास मुख्य वस्तु मानलें आहे. त्यामुळें त्यांतील 'झीज' ही आज्ञा पांढरा कागद झिजविते, अर्थात् काळी शाई फुगविते. 'उघडणें' या आज्ञेनें रेघांतील फटी बुजतात, आणि 'मिटणें' या आज्ञेनें अनुस्वार जातात. वरील परिच्छेदांतील सर्व शब्द मीं शाईच्या दृष्टीनें योजिले आहेत. चित्राचे रंग आधीं उलटून घेतले, म्हणजे शाई पांढरी व कागद काळा केला, तर नांवें व परिणाम जुळतात. तसेंच निकष चित्रबिंदूंत न सांगतां मिलिमीटरांत सांगावा. इंचास ६०० बिंदूंच्या चित्रांत ५ चा निकष ३०० च्या मानानें निम्माच राहतो.

यंत्राचा एवढा विचार केल्यावर डोळ्यांनीं वाचणारासही हाच धोका कसा असतो हें सांगणें प्राप्त आहे, आणि त्याचें उदाहरण वाशीमचेंच आहे. वाकाटकनृपति दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट येथें १९३९ मध्यें उजेडांत आला. पत्रे चार; राज्यवर्ष ३७ वें; दान वत्सगुल्म येथून, म्हणजे वाशीमहूनच दिलेलें; वंशवर्णन संस्कृतांत व पुढील व्यवहाराचा भाग प्राकृतांत; दिलेलें गांव नान्दीकडाच्या, म्हणजे नांदेडच्या बाजूचें. वा. वि. मिराशी व महाजन यांनीं तो 'एपिग्राफिया इंडिका'मध्यें प्रसिद्ध केला. प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन व त्याची वत्सगुल्म शाखा यांचें अस्तित्व त्यानें सिद्ध झालें. परंतु अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील, हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या शिलालेखांत हीच वंशावळ पूर्वींपासून कोरलेली होती. दगड झिजलेला, नांवांचीं अक्षरें अर्धवट. ब्यूलरसारख्या पंडितांनीं तेथें जीं नांवें वाचलीं तीं तेव्हां ज्ञात असलेल्या ज्येष्ठ शाखेच्या वंशावळीशीं जुळणारीं होतीं. वाशीमचा पट हातीं आल्यावर मिराशींनीं तो शिलालेख पुन्हां तपासला आणि त्यांस तेथें सर्वसेन व विंध्यसेन हीं नांवें दिसलीं. त्यांचें तें वाचन १९४१ मध्यें प्रसिद्ध झालें. दगड तोच, झीज तीच. पाहणारानें मनांत धरलेली आकृति निराळी. ब्यूलर यांनीं आपलें वाचन ठशासह छापलें होतें, आणि मूळ लेख भिंतीवर जागच्या जागीं होता, म्हणून तें सुधारतां आलें. मूळ नष्ट होऊन केवळ 'स्वच्छ' केलेलें चित्र उरलें असतें तर मिराशींस तपासावयास काय मिळालें असतें?

यास्तव संग्राहकांस विनंति आहे ती अशी. रंगीत मूळ छायाचित्र, मोजपट्टीसह, कांहींही न करतां जपून ठेवावें व अभ्यासकास देतांना तेंच आधीं द्यावें. संमार्जित चित्र सोबत द्यावयाचें झाल्यास निकषाचा आकार व माप, क्रियांचा क्रम, आणि ताम्रपट असल्यास प्रकाशाची दिशा त्याखालीं लिहावी. मूळ व संमार्जित यांची वजाबाकी करून जें जें गेलें त्याचें एक वेगळें चित्र काढावें. त्यांत धुळीबरोबर वाहून गेलेले अनुस्वार एका दृष्टिक्षेपांत सांपडतात. निमीलनानें जोडलेल्या अक्षरावरून पाठ घेतला असेल तर तो कंसांत छापावा. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ घालण्याचा जो प्रघात आहे तोही येथें चालण्यासारखा आहे.

रंगीत चित्राचा आग्रह मीं आणखी एका कारणास्तव धरितों. पोथींत लिहितांना चूक झाली तर लेखक त्यावर हरताळ लावीत. 'हरताळ फासणें' हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळ पातळ लावलेला असला म्हणजे खालचें अक्षर अंधुक दिसत राहतें. रंगीत पानांत पिवळा थर पाहून वाचक तें अक्षर सोडून देतो. तेंच पान काळें-पांढरें करून, पार्श्वभूमि वजा करून पाहिलें कीं पिवळा थर कागदांत मिसळून जातो, आणि लेखकानें रद्द केलेलें अक्षर शेजारच्या अक्षरांइतकेंच ठळक होऊन ओळींत उभें राहतें. कारंज्याकडील पोथ्यांचीं चित्रें तपासतांना ज्या ओळींत एखादें अक्षर वृत्तास जास्त होत असेल, त्या ओळीचें रंगीत छायाचित्र मागवून आधीं हरताळ आहे काय तें पाहावें.